राखलेली पाठ

त्या राज्यात पाणी खाली होते आणि राहणारे सगळे वर.

वर म्हणजे एक लांबरुंद, उघडे पठार. मुरूम, खुरटे गवत, मधूनमधून बाभळी, आणि दिवसभर वारा. पठाराला चिरत एक खोल घळ गेलेली होती आणि तिच्या तळाशी एक झरा होता. तो झरा कधी आटत नसे. पण उतरण अशी की धडधाकट गाढवाने पहाटे उतरायला सुरुवात केली तर वर परत येईपर्यंत ऊन डोक्यावर येई. म्हाताऱ्यांनी, लंगड्यांनी आणि नुकत्या व्यालेल्यांनी तर तिकडे बघूही नये. राज्यात राहत होती ती गाढवेच. दुसरे कोणी त्या पठारावर टिकलेच नसते.

फार पूर्वी, कोणाच्या पणजीलाही आठवत नसेल इतक्या पूर्वी, त्या पठारावरून एक स्वार गेला होता. तो कुठून आला आणि कुठे गेला याबद्दल वाद होते. पण तो एका साध्यासुध्या गाढवाच्या पाठीवर बसून गेला, यावर सगळ्यांचे एकमत होते. जाताना वेशीवरच्या उभ्या दगडावर त्याने एक खूण कोरली. ज्याच्या पाठीवर ही खूण उमटेल ते माझे, एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा येईन असे सांगून निघून गेला. तेव्हापासून तिथले प्रत्येक शिंगरू चालायला लागले न लागले तोच एक प्रश्न विचारायला शिकत असे, की माझ्या पाठीवर ती खूण कधी येणार? खुणेच्या या येण्याला तिथे पाचारण म्हणत.

स्वार बोलला ते एवढेच. बाकीचे सगळे मागाहून आले. खुणेवर ऊनपाऊस नको म्हणून कोणीतरी भल्या मनाने दगडावर एक वस्त्र पांघरले. ते विटल्यावर पुढच्या पिढीने त्यावर दुसरे घातले, कारण पहिले काढणे बरे दिसले नसते. मग त्यावर आणखी एक, आणि त्यावर आणखी. असे होत होत दगडाचा एक गबाळा गठ्ठा झाला, आणि खूण उघडी करून पाहणे हा उद्धटपणा ठरला. ती दिसते कशी, हे जिवंत असलेल्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. पण ती ओळखणारे मात्र नेमलेले होते. त्यांना पारखी म्हणत.

पारख्यांनी असा विचार केला की एवढ्या थोर स्वाराची खूण काही कुठेही उमटणार नाही. तिला जागा स्वच्छ लागणार. तेव्हा पाठ राखली पाहिजे. पाठीवर ओझे घ्यायचे नाही, दोर लागू द्यायचा नाही, काट्यात घुसायचे नाही, मातीत लोळायचे नाही. वर्षातून एकदा, गवत पिवळे पडले की, पाहणी होई. राखलेल्या पाठी घेऊन गाढवे वेशीपाशी रांगेत उभी राहत आणि पारखी एकेकीवरून नाक फिरवत, 'अजून नाही, अजून नाही' असे पुटपुटत पुढे जाई. क्वचित कोणाच्या पाठीवर एखादा केस वेगळा चमकताना दिसला तर तो क्षणभर थांबे. मग त्या घराण्यात त्या थांबण्याची गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाई. खूण मात्र कोणावरही आलेली नव्हती.

आता राहिले पाणी. ते डागी आणत. ज्यांची पाठ एकदा दोराने सोलवटली त्यांना रांगेत उभे राहता येत नसे, म्हणून ओझी त्यांच्याकडे. पूर्वी डागी पुष्कळ असत म्हणे. पण आपण होऊन डागी कोण होणार? जुने मरत गेले आणि नवे झाले नाहीत. राज्याचा घसा कोरडा पडू लागला. त्यावर पारखी सांगत की स्वार आला की सगळे ठीक होईल, आणि तो यावा म्हणून पाठी आणखी कसोशीने राखायला हव्यात. हे सगळ्यांना पटत असे.

अशा त्या राज्यात भुरी जन्मली.

तिच्यात काही विशेष नव्हते. रंग धुळीचा, उंची बेताची, आणि आवाज असा की तिने हाक मारली तर ऐकणाऱ्याला दुसऱ्याच कोणीतरी मारल्यासारखी वाटे. तिची धाकटी बहीण चांदणी मात्र कपाळावर पांढरा ठिपका घेऊन आली होती. आई लवकर गेली, तेव्हा दोघींना सोनकीआत्याने वाढवले. वाटेने जाणाऱ्या म्हाताऱ्या चांदणीकडे बघून म्हणत, "हिच्यावरच येणार बघा!" भुरीबद्दल कोणी काही म्हणत नसे. तिला ते फार लागे. आणि बहुधा म्हणूनच खुणेची आस तिला बहिणीपेक्षा जास्त होती.

"आपण उगीचच तर जन्माला आलो नाही ना गं?" ती चांदणीला विचारी.

"काहीतरी काय बोलतेस," चांदणी म्हणे आणि कान हलवून माशी उडवी. तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

भुरी पहिल्यांदा रांगेत उभी राहिली त्या दिवशी पारख्याचे नाक तिच्या पाठीवरून इतक्या लवकर गेले की ते गेले हे तिला पुढच्या गाढवाला 'अजून नाही' ऐकू आल्यावरच कळले. ती घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सोनकीआत्या आडोशाला बसलेली होती. तिचे गुडघे कधीच गेले होते. तिच्याकडे पाणी आणणारा म्हातारा डागी त्याच आठवड्यात घळीत पाय घसरून गेला होता. त्याच्या कातडी पखाली बाभळीला वाळत लटकलेल्या होत्या.

"भुरे," आत्या म्हणाली, "घोटभर आणतीस का गं? जिभेचं पार लाकूड झालंय."

"आत्या, पण माझी पाठ..."

"व्हय की. राहू दे मग. तुझंबी खरं हाय."

आत्याने हट्ट धरला असता, शिव्या दिल्या असत्या, उपकारांची आठवण करून दिली असती, तर भुरी जागची हलली नसती. पण ती 'राहू दे' म्हणाली. भुरीने बाभळीखाली जाऊन पखालींकडे पाहिले. मानेपासून शेपटापर्यंत कण्यावरून जाणारा एक दोर, आणि खांद्यांवरून दोन्ही कुशींना उतरणारा दुसरा, त्याच्या टोकांना पखाली. गाठ आत्यानेच आपल्या उरल्यासुरल्या दातांनी आवळली.

"एकच दिवस हां," भुरी म्हणाली.

"एकच दिवस," आत्या म्हणाली.

पण एकीचे पाणी वर येताना शेजारच्यांना दिसते. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडच्या लंगड्याने हाक मारली. त्याच्या पलीकडे एक नुकती व्यालेली होती आणि तिच्या शिंगराचे ओठ पांढरे पडले होते. या हाका आदल्या दिवशीही येतच असणार, पण भुरीचे कान तिकडे नव्हते. आता ते गेले आणि परत येईनात. आठवड्याभरात तिच्या कण्यावरचे कातडे निघाले. पुढच्या पाहणीला ती आपण होऊनच गेली नाही. एक गोणपाटाचा तुकडा तिने पाठीवर ओढून घेतला, जखमांना माश्या लागू नयेत म्हणून, आणि त्याहीपेक्षा त्या कोणाला दिसू नयेत म्हणून. गाढवाला स्वतःची पाठ दिसत नाही. ती किती वाईट दिसत असेल, याचा अंदाज भुरी इतरांच्या तोंडांवरून घेई.

"काय करून घेतलंस हे!" चांदणी रडली. "अगं, एक तरी वर्ष धीर धरायचास."

भुरी फार पुण्यवान वगैरे होती असे कोणी समजू नये. पूर्ण चढण ती कुरकुरत चढे. लंगड्याला पाणी देताना 'सांडू नका, पुन्हा जाणार नाही' असे फटकारी आणि पुन्हा जाई. तिला त्या कामात गोडी नव्हती. वर आल्यावर समाधान वाटते असे जे सांगतात, ते तिला कधी वाटले नाही. वाटे ती फक्त पाठीची आग. आणि प्रत्येक खेपेला ती स्वतःला बजावी की हे काही माझे काम नव्हे. माझे काम निराळे आहे, ते अजून यायचे आहे, आणि मी मात्र इथे ह्या घळीत माझे दिवस घालवते आहे.

शेवटी न राहवून ती पारख्याकडे गेली.

पारखी वाईट नव्हता. मऊ बोलणारा, वयाने पिकलेला, आणि पठारावर कोणाची नसेल इतकी नितळ पाठ असलेला. त्या पाठीवरही काही आलेले नव्हते. आजही सकाळी उठल्यावर तो आधी बायकोसमोर पाठ करून उभा राही आणि ती नकारार्थी मान हलवी, हे फक्त त्या दोघांना माहीत होते.

"पारखीबाबा, मला पाचारण आहे का नाही, एवढंच सांगा."

"पाचारण सगळ्यांनाच असतं, मुली."

"मग माझं कुठंय?"

"ते पाठीवर उतरतं. आणि तुझी पाठ..." त्याने गोणपाटाकडे पाहून न पाहिल्यासारखे केले. "ओझं खाली ठेव. वर्षभर पाठ राख. पुढच्या पाहणीला ये, मी स्वतः नीट थांबून बघीन."

"आणि पाणी?"

"त्याची काळजी स्वाराला."

"त्याला कोणी कळवलंय?" भुरीने विचारले. तिरकसपणे नव्हे, तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

पारखी कष्टी हसला. "पाठ राखण्याच्या वर्षात हाका फार येतात," तो म्हणाला. "तेव्हाच जास्त येतात. तिकडे लक्ष द्यायचं नाही. तो मोह असतो."

भुरीने पखाली बाभळीला टांगल्या आणि भिंतीच्या सावलीत चांदणीशेजारी जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला थांबून बघणार होते. जखमा हळूहळू भरू लागल्या. आत्यासाठी घोटभर पाणी दूरच्या वाडीतला एक म्हातारा डागी जमेल तसे आणून टाकी. लंगड्याचे काय झाले ते तिने विचारले नाही.

आत्या रोज सकाळी हाक मारी. "भुरे, झोपलीस का गं?" पाण्याचे नाव काढत नसे. भुरी डोळे मिटून घेई. चांदणी तिच्या मानेवर मान टाकून कुजबुजे, "हाच तो मोह. घट्ट राहा." भुरी घट्ट राहिली. तिला वाटले, इतके कठीण जाते आहे त्या अर्थी आपण नक्की बरोबर करतो आहोत.

गवत पिवळे पडायला लागले तेव्हा एकदा तिने चांदणीला गोणपाट उचलून बघायला सांगितले.

"केस आलेत," चांदणी म्हणाली.

"कसे?"

"पांढरे."

भुरी ताडकन उभी राहिली. "सगळीकडे?"

"नाही गं. जिथं जिथं दोर घासत होता तिथंच. बाकी तू आहेस तशीच." मग बहिणीचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "जातील ते. डागच आहेत, बुजतील."

भुरीने गोणपाट पुन्हा ओढून घेतला. तिला ठाऊक होते की जखमेवर आलेला पांढरा केस पुन्हा मूळ रंगाचा होत नाही. तरी पारख्याने शब्द दिला होता. तो थांबून बघणार होता. कोण जाणे, डागांच्या मधल्या जागेतही एखादे वेळी काही उमटेल.

पाहणी तोंडावर आली आणि एका सकाळी आत्याची हाक आली नाही.

भुरी आधी तशीच पडून राहिली. मग उठली. आडोशाला आत्या भिंतीला टेकून थंड पडली होती, आणि तिची जीभ भिंतीच्या दगडाला लागलेली होती. पहाटे त्या दगडावर थोडे दव धरत असे. दगडाचा तेवढा भाग चाटून चाटून गुळगुळीत झाला होता. दूरच्या वाडीतला तो डागी कधीचाच मेला होता, हे भुरीला नंतर कळले. किती दिवस आत्या दवावर जगली होती, ते विचारायचे धाडस तिला झाले नाही.

ती बाभळीखाली गेली. पखाली वाळून कडक झाल्या होत्या. तिने दोर दातात धरून चांदणीपुढे नेऊन टाकला.

"गाठ मार."

"भुरे, पाहणीला चारच दिवस राहिलेत! वर्ष फुकट जाईल तुझं!"

"मार म्हणते ना."

"खूण आली तर? नेमकी आत्ताच यायची असली तर?"

"येऊ दे नाहीतर न येऊ दे," भुरी म्हणाली. "माझं काय ते मला आता कधीच कळणार नाही. एवढं मात्र कळलंय."

चांदणीने गाठ मारली. मारताना तिने आपली पाठ दोराला लागणार नाही याची काळजी घेतली. भुरीला ते दिसले आणि तिला राग आला नाही. फार एकटे वाटले मात्र.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण ती सगळी एकसारखी होती. भुरी उतरे आणि चढे. ज्याने हाक मारली त्याला पाणी देई. कुरकुर हळूहळू कमी झाली, पण ती आनंदाने नव्हे. दम पुरत नसे म्हणून. जखमा भरत, पुन्हा उघडत, पुन्हा भरत, आणि कातडे निबर झाले. गोणपाट तिने कधी काढला नाही. पाहणीच्या दिवशी ती रांगेच्या कडेने पाणी घेऊन फिरे, कारण दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्यांना तहान लागतेच. राखलेल्या पाठींची गाढवे तिच्या पखालीतून पीत आणि आपल्याला तिचा धक्का लागणार नाही इतकी दूर सरत. ती पारख्याकडे वर मान करून बघत नसे. त्यानेही शब्दाची आठवण कधी काढली नाही. त्याला तो आठवत होता, एवढे खरे.

रात्री आडवे होताना मात्र ती जुना प्रश्न कधीमधी विचारी. मी कशासाठी? पठारावर नुसता वारा असे. तिला वाटे, ज्यांना उत्तर मिळते त्यांना ते ऐकू येत असेल, आपले कानच साधे आहेत.

मग दुष्काळ पडला. झरा होताच, पण पठारावरचे गवत गेले आणि उतरणीची माती सुटून दगड उघडे पडले. उरलेले डागी एकामागून एक घळीत पडून तिथेच राहिले. त्या वर्षीच्या पाहणीला रांग कधी नव्हती इतकी लांब होती. सगळ्यांना खात्री होती की इतके वाईट झाले आहे तर स्वार आता येणारच. पारखी म्हातारा झाला होता आणि अगदी सावकाश चालत होता. ऊन तापत गेले. रांगेतली गाढवे ओठ चाटत उभी होती, आणि घळीच्या तोंडाकडे कोणी उघडपणे बघत नव्हते, पण सगळ्यांचे कान तिकडेच वळलेले होते.

दुपार कलल्यावर भुरी वर आली.

तिचे चारही पाय थरथरत होते. एका पखालीला दगड लागून ती अर्धी रिकामी झाली होती. रांगेच्या टोकाला, वेशीच्या दगडाजवळ, चांदणी होती, आता तीही म्हातारी, पाठ मात्र अजून नितळ. चांदणी गुडघ्यांवर आली होती. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. भुरी तिच्याजवळ गेली आणि पखालीचे तोंड तिच्या ओठांपाशी येईल अशी वाकली. चांदणी प्यायली. बराच वेळ प्यायली. मग तिला आठवण झाली आणि तिने विचारले, "तू प्यायलीस?"

"खाली प्यायले," भुरी खोटे बोलली.

पारखी तिथपर्यंत येऊन पोचला होता. भुरीने मान वर केली. इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत होती.

"बाबा, तुम्ही थांबून बघणार होता."

रांग चुळबुळली. डागीने पाहणी मागायची हे कोणी ऐकले नव्हते. पारखी नियमाप्रमाणे म्हणाला, "ओझं उतरवावं लागेल, मुली."

"आता उतरवते," भुरी म्हणाली. तिने पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि दगडासमोर पोटावर बसली. बराच वेळ ती उतरवीना. चांदणीने तिला नाकाने ढोसले, पुन्हा ढोसले, आणि मग ती बहिणीचे नाव घेऊन मोठ्याने ओरडली.

कोणीतरी गाठ सोडायला आले. गाठ इतकी जुनी होती की ती चावून तोडावी लागली. पखाली बाजूला पडल्या आणि उरलेले पाणी मुरुमात जिरले. गोणपाट घामाने आणि मातीने चिकटून बसला होता. तो ओढल्यावर त्याच्या चिंध्या झाल्या.

आता एक अडचण उभी राहिली. वेशीच्या दगडासमोर मेलेले उघडे ठेवू नये अशी तिथली रीत होती, आणि पांघरायला काहीच नव्हते. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पठारावर कापड म्हणून एकाच ठिकाणी होते.

"झाका तिला," चांदणी म्हणाली. कोणी हलले नाही. "पारखीबाबा, झाका माझ्या बहिणीला! आयुष्यभर ते डाग लपवत आली ती. आता लोकांना दाखवत ठेवणार का?"

पारख्याने दगडाकडे पाहिले. मग भुरीच्या तोंडाकडे. पाठीकडे त्याला अजूनही बघवत नव्हते. तो पुढे झाला, दगडावरच्या सगळ्यांत वरच्या वस्त्राचे टोक त्याने दातांत धरले आणि ओढले. एकच घ्यायचे, खालची तशीच राहतील, असा त्याचा हिशेब होता. पण खालची कधीच कुजून एकमेकांना चिकटली होती. आजोबांचे, पणजोबांचे, त्यांच्याही आजोबांचे, सगळे एका ढिगाने खाली आले आणि धुळीचा लोट उठला. रांगेतल्यांनी डोळे मिटले. काहींनी भीतीने माना फिरवल्या.

धूळ बसली तेव्हा दगड उघडा होता. अगदी साधा दगड होता. त्यावर एक उभी रेघ होती, आणि वरच्या अंगाला तिला छेदून जाणारी एक आडवी. दुसरे काही नव्हते.

चांदणी दगडाकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली. भुरी पोटावर होती, हनुवटी जमिनीला टेकलेली. तिच्या धुळीच्या रंगाच्या पाठीवर पांढरे केस होते, मानेपासून शेपटापर्यंत, आणि खांद्यांवरून इकडून तिकडे. एकेक करून रांगेतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

पारखी दगड आणि भुरी यांच्या मधोमध उभा होता. वस्त्राचे टोक त्याच्या दातांत तसेच होते, आणि आधी काय झाकावे हे त्याला ठरवता येत नव्हते.